वडिलांच्या आठवणी: ग्रुपवर, अल्बमात, पुस्तकात की आवाजात?

वडील गेल्यानंतर काही महिन्यांनी घरात कोणीतरी म्हणतंच, "बाबांचं सगळं एकदा एकत्र करून ठेवायला हवं." सगळे माना डोलावतात आणि काम तिथेच अडतं, कारण 'सगळं' म्हणजे काय आणि ते ठेवायचं कुठे, हे ठरलेलं नसतं. साधारण चार वाटा दिसतात: व्हॉट्सअ‍ॅपचा घरचा ग्रुप, ऑनलाइन सामायिक अल्बम, छापील स्मरणिका आणि माणसांना बोलतं करून केलेलं रेकॉर्डिंग.

ग्रुपइतकी सोपी सुरुवात दुसरीकडे कुठेच नाही. एकाने जुना फोटो टाकला की दुसऱ्याला त्यामागचा किस्सा आठवतो, तिसरा म्हणतो "छे, ते त्या वर्षी नव्हतंच", आणि तासाभरात विसरलेल्या चार गोष्टी वर येतात. आठवणी गोळा करायला हे उत्तम. साठवायला मात्र कुचकामी. फोटो पाठवताना त्याचा दर्जा घसरतो (मूळ प्रत हवी असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा), आणि महिन्याभरात तो किस्सा शुभेच्छा नि फॉरवर्ड यांच्या ढिगाऱ्याखाली जातो. शिवाय ग्रुपवर ज्याला टाइप करायची हौस, त्याचेच बाबा उरतात. त्यांचं बालपण जिने पाहिलं ती आत्या हात जोडल्याचं चिन्ह टाकून गप्प बसते.

सामायिक अल्बम हा शांत पर्याय. कोणाशी काही ठरवावं लागत नाही, ज्याने त्याने आपले फोटो टाकावेत. भावंडांत फारसं बोलणं उरलं नसेल तर हाच बरा. प्रश्न एवढाच की खातं कोणाचं? गूगलची मोफत जागा १५ जीबी, आणि तीही ईमेल, ड्राइव्ह, फोटो यांत मिळून. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल मजकुरासकट काढून टाकू शकतं. फोटो वडिलांच्याच खात्यात असतील तर ते आधी उतरवून घ्या. नवा अल्बम सांभाळणाऱ्यानेही आपल्यामागे कोण, हे नोंदवून ठेवावं. गूगलमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आणि अ‍ॅपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' याचसाठी आहेत. छोटे जुने फोटो ६०० डीपीआयने (स्कॅन किती बारकाईने होतो याचं माप) स्कॅन करा, आणि मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तीही बाजू. नावं नसलेला फोटो नातवंडांच्या हाती पडतो तेव्हा त्यातली सगळी माणसं अनोळखी असतात.

स्मरणिकेला पासवर्ड लागत नाही, चार्जिंग लागत नाही. ती हातात घेता येते, कोणालाही देता येते. पण खरी भांडणं होतात ती इथेच. एकाच घरातल्या मुलांचे वडील एक नसतात. थोरल्याने पाहिलेले बाबा तिशीतले, नोकरीत पिचलेले, हात उगारणारे. धाकटीचे बाबा निवृत्तीनंतर दारात वाट पाहत बसणारे. दोन्ही खरे. संपादन करणारा सगळ्यांना खूश ठेवायला निघतो आणि पुस्तकात कोणालाच न ओळखू येणारा एक साधुपुरुष उरतो. माझं मत स्पष्ट आहे: एकसंध चरित्राच्या फंदात पडू नका. प्रत्येकाने आपल्या नावाने लिहावं, एकाच प्रसंगाच्या दोन हकिकती आल्या तर दोन्ही छापाव्यात. कर्ज, व्यसन, भावाशी तुटलेलं नातं असे विषय असतील तर आधी आईला विचारावं, कारण त्या गोष्टींसोबत अजून तिला राहायचं आहे. आणि पहिल्या स्मृतिदिनाची घाई नको. छापलेलं दुरुस्त होत नाही.

रेकॉर्डिंगला मी सर्वांत वर ठेवतो, आणि त्याचं कारण भावनिक नाही. पुस्तक दहा वर्षांनीही काढता येईल, पण ऐंशीच्या घरातले काका तेव्हा असतीलच असं नाही, असले तरी त्यांना आठवेलच असं नाही. साधन म्हणजे साधा फोन: फ्लाइट मोडवर, बोलणाऱ्याच्या जवळ, पंखा बंद. "बाबा कसे होते?" असं विचारलंत तर "फार चांगले" एवढंच हाती येतं. त्याऐवजी "चिडले की काय करायचे?", "पहिला पगार कशावर खर्च केला?" असं विचारा, किंवा समोर एक फोटो ठेवून नुसतं थांबा. दोघा भावंडांना एकत्र बसवलं तर ती एकमेकांना दुरुस्त करतात. एकेकटी असताना मात्र दुसऱ्यासमोर न निघणारं निघतं. शक्य तर दोन्ही करा, पण एकट्याने सांगितलेलं दुसऱ्याला ऐकवण्याआधी सांगणाऱ्याची परवानगी घ्या.

दोष आहेच. लांबलचक रेकॉर्डिंग कोणी ऐकत नाही. म्हणून प्रत्येक फाइलच्या नावात बोलणारा, तारीख आणि विषय हवा, आणि सोबत कुठल्या मिनिटाला काय आहे याची टिपणं. त्याच ओघात वडिलांचे स्वतःचे व्हॉइस मेसेज कोणाकोणाकडे आहेत ते विचारा आणि फोन बदलण्याआधी वेगळे काढून ठेवा. कॅसेट असेल तर ती डिजिटल करून घ्या, चुंबकीय फीत कपाटात नुसती पडूनही खराब होते. मात्र तो आवाज ग्रुपवर न सांगता टाकू नका. काहींना तो लगेच हवा असतो, काहींना वर्षानुवर्षं ऐकवत नाही.

तेव्हा घरात वडिलांच्या पिढीतलं कोणी असेल तर आधी रेकॉर्डिंग. तसं कोणी नसेल आणि भावंडं विखुरलेली असतील तर महिनाभरासाठी फक्त याच कामाचा वेगळा ग्रुप काढा, आणि त्यात येणारं रोजच्या रोज अल्बममध्ये हलवायला एक माणूस नेमा. स्मरणिकेचा विचार त्यानंतर, आणि तोही कोणी तरी ती खरंच मागत असेल तर.