सीबीआयच्या नावाने आत्याचे १८ लाख गेले

माझी आत्या निवृत्त शिक्षिका. वय ७१, एकटी राहते, बँकेची कामं स्वतः करते, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. अशा बाईला 'डिजिटल अरेस्ट'मध्ये, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेत, अडकवून १८ लाख रुपये काढून घेतले. तिला विचारूनच हे लिहिते आहे. सीबीआय खरोखर काम कसं करते हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसतं, आणि चोरांचा सगळा डाव त्यावरच चालतो.

पहिला फोन दूरसंचार खात्याच्या नावाने आला. तुमच्या आधारवर दुसरं सिम घेतलंय, त्यावरून गैरप्रकार झालेत, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल. तिथून फोन 'मुंबई पोलिसां'कडे जोडून दिला. त्यांनी सांगितलं, तुमच्या नावाच्या खात्यातून काळा पैसा फिरलाय, प्रकरण आता सीबीआयकडे आहे. मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. समोर वर्दीतला माणूस, मागे सीबीआयचं बोधचिन्ह. तो शांतपणे हिंदीत बोलायचा, आत्याला 'माताजी' म्हणायचा. अटक वॉरंटची पीडीएफ आली, तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का. मग हुकूम सुटले: कॅमेरा बंद करायचा नाही, दर तासाला मेसेज टाकायचा, घरात कोणाजवळ अवाक्षर काढायचं नाही. काढलंत तर तुमच्या भाचीलाही आत घेऊ.

या शेवटच्या हुकमाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. आपला कायदा याच्या नेमका उलट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ नुसार कोणालाही अटक केली, की त्याच्या नातेवाइकाला किंवा तो सांगेल त्या माणसाला कळवणं हे पोलिसांवरच बंधनकारक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे वकिलाला भेटण्याचा हक्क आहे आणि २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. खरी तपास यंत्रणा घरच्यांना कळवते. घरच्यांपासून लपवा म्हणणारा चोरच असतो. आणि व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही.

चौकशीला बोलावण्याचीही रीत ठरलेली आहे. लेखी नोटीस येते. तिच्यावर गुन्ह्याचा क्रमांक, कलमं, अधिकाऱ्याचं नाव आणि कार्यालयाचा पत्ता असतो. साक्षीदार म्हणून बोलवायचं झालं, तर बाईला किंवा साठीच्या पुढच्या पुरुषाला राहत्या जागेखेरीज दुसरीकडे यायला भाग पाडता येत नाही. अधिकाऱ्याने तिथे जायचं. आरोपीला हजर राहण्यासाठी पोलिसांनी द्यायची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मुळात सीबीआय अशी वाटेल त्याच्या मागे लागत नाही. १ एप्रिल १९६३ ला केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ठरावाने ती स्थापन झाली, पण तिचे अधिकार १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यातून येतात. त्या कायद्याच्या कलम ६ मुळे राज्यात तपास करायला राज्य सरकारची संमती लागते. महाराष्ट्राने २०२० मध्ये सरसकट संमती काढून घेतली होती आणि २०२२ मध्ये ती परत दिली, हे पुष्कळांना आठवत असेल. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तर संमतीविनाही तपास होतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा भ्रष्टाचार, मोठे बँक घोटाळे, राज्याने किंवा न्यायालयाने सोपवलेले गुन्हे, ही तिची मुख्य कामं. सिमकार्ड बंद करण्याच्या फोनवरून प्रकरण थेट तिच्या अधिकाऱ्याच्या व्हिडिओ कॉलवर पोचतं, असा रस्ताच नाही.

आत्याला सांगितलं की तुमचे पैसे 'पडताळणीसाठी' रिझर्व्ह बँकेच्या खात्यात टाका, निर्दोष ठरलात की परत मिळतील. तिने एफडी मोडून आरटीजीएस केलं. बँकेतल्या बाईंनी विचारलंही, एवढी रक्कम कशासाठी? उत्तर चोरांनी आधीच पढवलं होतं: भाचीच्या फ्लॅटसाठी. माझंच नाव वापरलं, हे मला अजून सहन होत नाही. खऱ्या तपासात एखाद्या रकमेवर संशय असेल, तर अधिकारी बँकेला लिहितो आणि पैसे आहेत त्याच खात्यात गोठवले जातात. ते तुमच्या हाताने दुसरीकडे पाठवायला कोणीही सांगत नाही. रिझर्व्ह बँक सामान्य माणसांची खातीही ठेवत नाही.

मला कळलं तेव्हा लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. तोवर बरीचशी रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे सरकली होती. थोडी पहिल्याच खात्यात अडकली, तिच्यावर होल्ड लागला आहे. ती सोडवायला न्यायालयात अर्ज केला आहे. १ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या डिजिटल अरेस्टच्या गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडेच सोपवला. त्यामुळे आत्याला आता कधी खऱ्या सीबीआयची नोटीस आली तर ती घाबरेल, म्हणून तिच्यासोबत बसून खरी नोटीस कशी असते ते समजावून ठेवलं आहे.

चोरांनी तिला व्हॉट्सॲपवरचं सगळं पुसायला लावलं होतं, त्याने तक्रारीत फार अडचण आली. तुमच्या घरी असं काही घडलं तर फोनमधलं काहीही पुसू नका. बँकेकडून प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराची ओळख पटवणारा क्रमांक, घ्या. १९३० वाले पहिल्यांदा तोच मागतात.