‘5जी-रोधक’ स्टिकर: पैसे वाया

सोलापूरच्या नव्या पेठेत मोबाइल कव्हरसोबत, 5जीच्या लहरी अडवणारं म्हणून, हे सोनेरी स्टिकर गळ्यात मारलं जातं. सोबतीला कहाणी असते: 5जीनेच कोरोना पसरला, सरकार, कंपन्या आणि डॉक्टर मिळून ते लपवतात.

आधी तारखा बघा. सोलापुरात कोरोना 2020 मध्ये आला. देशात 5जी सुरू झालं 1 ऑक्टोबर 2022 ला. कारण परिणामानंतर येत नाही. शिवाय ही कहाणी खरी असायची तर एवढ्या लोकांनी, एकमेकांशी स्पर्धा असूनही, गप्प राहायला हवं!

आता स्टिकर. अनेक अँड्रॉइड फोनवर सेटिंग, अबाउट फोन, सिम स्टेटसमध्ये सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दिसतो. एकाच जागी फोन ठेवून स्टिकरशिवाय पाच आणि लावून पाच नोंदी घ्या. आकडा मुळातच थोडा हलतो, एका नोंदीवर जाऊ नका. लहरींची ताकद दशांशावर आली तर आकडा 10 ने घसरायला हवा, म्हणजे -90 चा -100. तसाच राहिला तर काहीच अडलेलं नाही. खरंच घसरला तर आणखी वाईट, कारण टॉवर गाठायला फोन जास्त शक्ती लावतो.

‘सिग्नल येतो, फक्त विष अडतं’ हे विक्रेत्याचं उत्तर स्वीकारू नका. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपरची कसोटी हीच: काय घडलं तर दावा खोटा ठरेल, ते आधी सांगा. इथे ते कुणीच सांगत नाही. घेऊ नका.