टॉप लोड मशीनचे चारही सस्पेन्शन रॉड बदलले, त्याला दहा महिने झाले

आठवड्याला चार-पाच धुणी धरली तर दहा महिन्यांत पावणेदोनशेच्या वर झाली. रॉड, म्हणजे आतला टब टांगून धरणाऱ्या दांड्या, बदलले त्याच संध्याकाळी 'मशीन एकदम नव्यासारखं झालं' असं लिहिता आलं असतं. पण त्याआधी नुसतं ग्रीस लावलं होतं, तेव्हाही मशीन नव्यासारखंच झालं होतं, आणि ते सुख अठरा दिवस टिकलं. म्हणून या वेळी मुद्दाम थांबले.

मशीन सात किलोचं, पूर्ण ऑटोमॅटिक, वरून कपडे टाकायचं. आठवं वर्ष लागलं तेव्हा स्पिन सुरू होताना 'धड... धड... धड-धड' असे पाच-सहा दणके बसायला लागले आणि मग मशीन शांत होऊन नीट फिरायचं. आधी वाटलं, कपडे एका बाजूला गोळा झाले असतील. हळूहळू ते रोजचंच झालं. मग अनबॅलन्सचा, म्हणजे तोल गेल्याचा, कोड यायला लागला. आमच्या मशीनवर तो 'यूई' असा दिसतो, कंपनीगणिक अक्षरं वेगळी असतात. कोड आला की मशीन स्पिन थांबवतं, पुन्हा पाणी घेतं, कपडे घुसळून सारखे करायला बघतं आणि परत फिरून पाहतं. तीनदा असं झालं की पाऊण तासाचं धुणं दीड तासावर जायचं आणि तेवढं पाणी फुकट. एकदा तर मशीन वीतभर पुढे सरकून नळाची नळी ताणून उभं होतं.

यावर मी काय काय केलं ते आता सांगायलाही लाज वाटते. पायांखाली रबरी पॅड घातले. पाणसळ ठेवून चारही पाय लेव्हल केले. कपडे निम्मे टाकायला लागले, म्हणजे धुणी दुप्पट. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार. लेव्हल चुकलेली असेल तर अख्खं मशीन डुगडुगतं. आमचं मशीन जागच्या जागी घट्ट उभं होतं, आतला टब पत्र्यावर आपटत होता. हा फरक लक्षात यायला मला पाच महिने लागले.

ज्यांचं मशीन दणदणतंय त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी एवढं बघा. मशीन बंद आणि रिकामं असताना झाकण उघडा, टबच्या कडेवर दोन्ही हात ठेवून जोरात खाली दाबा आणि सोडून द्या. रॉड चांगले असतील तर टब वर येतो आणि जेमतेम एकदा हलून थांबतो. आमचा पाळण्यासारखा चार-पाच वेळा वर-खाली होत राहिला. मग टबची कड आणि बाहेरची बॉडी यांच्यातली फट चारही बाजूंना बोटांनी मोजा. आमच्याकडे मागे चार बोटं मावत होती, पुढच्या डाव्या कोपऱ्यात एकच. टब उघड उघड त्या बाजूला झुकला होता.

आवाज कधी येतो, हेही कान देऊन ऐका. दणके स्पिन सुरू होताना आणि थांबताना येत असतील तर संशय रॉडवर घ्यायचा. पूर्ण वेगात, कपडे नसतानाही, जात्यासारखी घरघर येत असेल तर ते बेअरिंगचं, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याच्या आधाराचं, दुखणं आहे, रॉड बदलून काही उपयोग नाही. ड्रमच्या (टबच्या आत कपड्यांसकट फिरतो तो) वरच्या कडेला जे जाड प्लॅस्टिकचं कडं असतं त्यात बहुतेक मशीनमध्ये मिठाचं पाणी भरलेलं असतं, ड्रमचा तोल सावरायला. ते कुठे चिरलं असेल आणि आसपास पांढरे डाग दिसत असतील तर तोल जाण्याचं कारण तिथेही असू शकतं. आमचं कडं धड होतं.

आता हे रॉड म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगते, कारण हे समजल्यावरच माझं डोकं ताळ्यावर आलं. टॉप लोड मशीनमध्ये टब खाली कशावर ठेवलेला नसतो, टांगलेला असतो. बॉडीच्या चार कोपऱ्यांतून चार लांब लोखंडी रॉड खाली सोडलेले असतात. प्रत्येक रॉडच्या खालच्या टोकाला एक स्प्रिंग, तिच्यावर उलट्या पेल्यासारखी प्लॅस्टिकची टोपी, आणि त्या टोपीवर टबचा कान टेकलेला. टब, ड्रम, मोटर, कपडे आणि धुण्याचं सगळं पाणी या चार स्प्रिंगांवर असतं. टब खाली गेला की टोपी रॉडवरून सरकते आणि स्प्रिंग दबते. स्प्रिंग एकटी असती तर टब उड्याच मारत राहिला असता. त्या उड्या थांबवायचं काम टोपीच्या आतला ग्रीस लावलेला घट्ट तुकडा करतो. तो घर्षणाने आणि आत कोंडलेल्या हवेने हालचाल खाऊन टाकतो. झिजतो तो हाच. स्प्रिंग बरेचदा वरवर ठीक दिसते आणि म्हणूनच माणूस फसतो.

दणके सुरुवातीलाच का, याचंही उत्तर यातच आहे. टांगलेल्या टबचा स्वतःचा एक झुलण्याचा ठेका असतो. ड्रम वेग घेताना त्या ठेक्यातून जातो, तेवढ्या काही सेकंदांत झोका सगळ्यात मोठा होतो. तो आवरायला घर्षण लागतं. वेग एकदा त्याच्या पुढे गेला की टब आपोआप बराच स्थिर होतो. ताकदीचा अंदाज यावा म्हणून मी एक हिशेब केला. ड्रमची त्रिज्या २३ सेंटीमीटर आणि वेग मिनिटाला ७०० फेरे धरले, तर एका बाजूला अडकलेला एक किलोचा ओला टॉवेल साधारण सव्वाशे किलोच्या जोराने बाहेर ओढतो. म्हणून मशीन मधेच घाबरून थांबतं. कोडला मी उगीच शिव्या देत होते.

आधी ग्रीसचा प्रयोग. प्लग काढून वरचा भाग उघडला, रॉड जागेवरच ठेवून टोप्या जमतील तशा पुसल्या आणि सिलिकॉन ग्रीस भरलं. साधं गाडीचं ग्रीस वापरू नका, रबर त्याने फुगू शकतं. पहिलं धुणं इतकं शांत झालं की मी दोनदा जाऊन मशीन चालू आहे ना ते पाहिलं. एकोणिसाव्या दिवशी पुन्हा धड-धड. आतला तुकडाच झिजलेला, ग्रीस तरी काय करणार.

मग दुसरी चूक. झुकलेली बाजू पुढची, म्हणून पुढचे दोनच रॉड नवे आणून टाकले. झालं असं, की पुढे नव्या ताठ स्प्रिंगा, मागे आठ वर्षांच्या दमलेल्या. टब आता मागे रेलला आणि मागच्या पत्र्यावर आपटायला लागला. अर्ध काम करून दुप्पट त्रास. शेवटी चारांचा पूर्ण संच घेतला.

संच घेताना मॉडेलचा स्टिकर बघून पार्ट नंबर जुळवा आणि तरीही जुना रॉड टेपने मोजा. बाहेरून अगदी सारखे दिसणारे रॉड लांबीला दोन-तीन सेंटीमीटर वेगळे असतात, आणि तेवढ्याने टबची उंची बदलते. दुसरं, पुढचे आणि मागचे रॉड एकच असतील असं धरून चालू नका. मोटरचं वजन नेमकं मध्यावर नसेल तर एका बाजूला जाड तारेची स्प्रिंग देतात. आमच्या मशीनला मागच्या दोन्ही जाड होत्या. मी जुने काढतानाच प्रत्येकाला चिकटपट्टी लावून 'मा. डा.', 'पु. उ.' असं लिहून ठेवलं.

बसवायच्या आधी नवे चारही रॉड जमिनीवर उभे धरून टोपी हाताने दाबून पाहिली. तीन रॉडच्या टोप्या अडखळत, 'फुस्स' करत खाली गेल्या. चौथी वायसर गेलेल्या सायकलच्या पंपासारखी सरळ खाली. तो रॉड परत केला आणि बदलून आणला. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, कृपा करून टाळू नका.

प्रत्यक्ष काम दोन माणसांचं. प्लग काढला, नळ बंद केला, टबमधलं पाणी सोडलं. मागचे स्क्रू काढून वरचा भाग उचलून मागे टेकवला. पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात, हातमोजे घाला. मोटरचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ करंट धरून राहू शकतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. रॉडचं वरचं टोक कोपऱ्यातल्या चावीच्या भोकासारख्या खाचेत अडकलेलं असतं. मुलाने दोन्ही हातांनी टबचा तो कोपरा वर उचलून धरला, मी रॉड खाचेतून सरकवून बाहेर काढत होते.

"आई, सोडू का?"

"अरे थांब, माझी बोटं आत आहेत!"

हे चार वेळा झालं. एका वेळी एकच रॉड काढायचा, नवा बसवायचा, मग पुढचा कोपरा. चारही एकदम काढले तर टब खाली बसेल आणि मग उचलायला दोन माणसं पुरायची नाहीत.

आधीच काढून ठेवलेला पुढचा डावा जुना रॉड हातात घेऊन नीट पाहिला तेव्हा सगळं कळलं. टोपीचं भोक गोल राहिलं नव्हतं, एका बाजूला लांबट झालं होतं. आतलं ग्रीस गंजात कालवून काजळासारखं काळं झालेलं. रॉड उलटा केला की टोपी आपल्या वजनाने खळ्ळकन घसरत होती. बाकीचे तीन इतके वाईट नव्हते, पण नव्याशेजारी ठेवल्यावर तेही म्हातारेच.

या धांदलीत एक गोष्ट नजरेतून सुटली. टबच्या बाजूने एक पातळ नळी वर पाण्याच्या पातळीच्या सेन्सरकडे जाते, ती टब उचलताना निसटली होती. पहिलं धुणं लावलं, तर मशीन पाणी घेतंय, घेतंय, थांबायलाच तयार नाही. नळीतली हवा दाबली जाते तेव्हाच सेन्सरला पाणी किती चढलं ते कळतं. नळीच सुटली तर त्याच्या लेखी टब कायम रिकामा. नशीब, मी शेजारीच उभी होते. नळी खोचून क्लिप लावली आणि पुढचं सुरळीत झालं. वरचा भाग बंद करायच्या आधी ही नळी बोटाने ओढून बघा.

आता महिन्यांचा हिशेब. पहिले दोन महिने कोड एकदाही आला नाही. तिसऱ्या महिन्यात टब हलला की 'कुईं' असा आवाज यायला लागला. वरच्या खाचेत रॉडच्या टोकाची गोटी कोरडी घासत होती, तिथे नखभर सिलिकॉन ग्रीस लावलं, संपलं. पाचव्या महिन्यात एकटं जाड ब्लँकेट टाकलं तेव्हा कोड आला, तो माझ्या चुकीने. एकच जड कपडा एका बाजूला बसतो, नवे रॉडही त्याला काही करू शकत नाहीत. ब्लँकेटसोबत दोन टॉवेल घातले की तेच मशीन निमूट पिळतं. सातव्या महिन्यात थोडी थरथर जाणवली, पाहिलं तर मागच्या एका पायाचं नट सैल झालं होतं. परवा परत दाबून पाहिलं. टब वर आला आणि थांबला. फट चारही बाजूंना तीन बोटं, मागे किंचित जास्त.

सगळंच सुधारलं असं नाही. पूर्ण वेगात हलकी गुणगुण आहे, ती आधीही होती, बेअरिंग आठ वर्षं चाललंय म्हटल्यावर चालायचंच. मात्र ज्या पाच महिन्यांत मी रबरी पॅड घालत बसले त्यांची किंमत मोजावी लागली. पुढच्या डाव्या कोपऱ्यात आतून पत्र्याचा रंग तळहाताएवढा खरवडला गेला होता आणि गंज धरला होता. तो घासून प्रायमर लावलाय. पाणी बाहेर जाणारा पाइपही टबच्या धडकांनी एका जागी पातळ झालाय. अजून गळत नाही, पण बोटाने दाबलं की मऊ लागतं. नवा पाइप आणून ठेवलाय, येत्या रविवारी मशीन पुन्हा उघडणार आहे.