एनजीके इरिडियम आयएक्स: सीएनजीवाल्यांनी प्लग घ्यावा, बाकीच्यांनी आधी पाना

जुन्या चार सिलिंडरच्या गाडीसाठी स्पार्क प्लग मागितले की काउंटरवर बहुधा एनजीके कंपनीच्या दोन डब्या येतात, साधा निकेलचा बीकेआर६ई आणि इरिडियमचा बीकेआर६ईआयएक्स, म्हणजेच आयएक्स. दोघांचे आटे १४ मिमीचे, आट्यांची लांबी १९ मिमी, पाना १६ मिमीचा. किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक. सोबत दुकानदाराचं ठरलेलं वाक्य असतं: ‘इरिडियम टाका, पिकअप वाढेल.’

पिकअप वाढत नाही. झिजलेले प्लग काढून कुठलेही नवे बसवले की गाडी हलकी वाटतेच, श्रेय इरिडियमला जातं. या प्लगचा खरा गुण वेगळा आहे. मधलं टोक फक्त ०.६ मिमी जाडीचं आहे, साध्या प्लगचं अडीच मिमीचं असतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, आणि इरिडियम २,४०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळत असल्यामुळे एवढं बारीक टोकही टिकतं. सीएनजीवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची गॅप, म्हणजे मधलं टोक आणि वरची पट्टी यांतलं अंतर, झिजून थोडी वाढली की पेट्रोलवर मुकाट चालणारी गाडी सीएनजीवर चढाला मिसिंग मारायला, म्हणजे ठिणगी चुकून झटके द्यायला लागते. रोज सीएनजीवर पळणाऱ्या गाडीला म्हणूनच आयएक्सचे पैसे वसूल होतात. रविवारीच बाहेर पडणाऱ्या पेट्रोल गाडीला निकेल भरपूर झाला.

एक उणीव डबीवर लिहिलेली नसते. आयएक्समध्ये इरिडियम फक्त मधल्या टोकाला आहे, वरून वाकलेली पट्टी निकेलचीच. दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल (ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारा भाग) असलेल्या इंजिनात अर्ध्या प्लगांमध्ये ठिणगी उलट दिशेने उडते आणि तिथे ही पट्टीच आधी झिजते. अशा गाडीत ‘लाखभर किलोमीटर बघायला नको’ या बोलण्यावर जाऊ नये. मध्ये एकदा काढून गॅप बघावी.

नंबर नीट वाचावा. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे. ६ ही उष्णता-श्रेणी, एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. बॉशचं उलटं, म्हणून आकड्याला आकडा जुळवून ब्रँड बदलू नये. शेवटी ‘-११’ असेल तर गॅप १.१ मिमी, नुसत्या बीकेआर६ईआयएक्सची ०.८. गाडीच्या पुस्तकात १.१ लिहिलं असेल तर ‘-११’ असलेलाच मागायचा. इरिडियमची गॅप नाण्यासारख्या गोल गेजने तपासू नये, तो आत सरकवताना मधलं टोक तुटतं. तारेचा गेज वापरावा, आणि वाकवायचीच वेळ आली तर फक्त बाहेरची पट्टी. हातातून फरशीवर पडलेला प्लग बसवूच नये.

आता पान्याबद्दल, कारण घरच्या कामात नुकसान तिथेच होतं. गाडीबरोबर आलेला पत्र्याच्या नळीचा प्लग पाना तिरका बसतो आणि चिनी मातीला बारीक तडा जातो. तडा दिसत नाही, गाडी लोडवर मिसिंग मारते, आणि दोष कॉइलला लागतो. आत लोहचुंबक असलेला १६चा लांब सॉकेट घ्यावा. रबरवाल्या सॉकेटचं रबर जुनं झालं की तो प्लगला चिकटून खोल विहिरीतच (प्लग बसतो त्या खड्ड्यात) राहतो आणि एक्स्टेन्शन तेवढं हातात येतं.

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग ओढला तर आटे सोबत येऊ शकतात. कॉइलच्या कनेक्टरची खिट्टी जुन्या गाडीत बिस्किटासारखी तुटते, बोटाने दाबूनच सोडवावी. बहुतेक कॉइलचा बोल्ट १०चा असतो. प्लग अर्धा फेरा सैल करून थांबावं आणि विहिरीत सायकलच्या पंपाने हवा मारावी. तिथली वाळू सिलिंडरमध्ये गेली तर काढता येत नाही. विहिरीत तेल साचलेलं दिसलं तर प्लग ट्यूबचे सील गेले आहेत, नवे प्लग त्यावर इलाज नाहीत.

नवा प्लग सॉकेटने सुरू करू नये. ८ मिमीच्या पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून हाताने फिरवावा. आटे तिरके लागले तर पाइप घसरतो, आटे मरत नाहीत. हाताने टेकेपर्यंत गेला की नव्या वॉशरला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) असेल तर २५ ते ३० न्यूटन-मीटर. तोच प्लग परत बसवताना वॉशर दबलेला असतो, तेव्हा जेमतेम फेऱ्याचा बारावा हिस्सा. आट्यांना ग्रीस लावायचं नाही; एनजीकेच्या आट्यांवर लेप आहेच, ग्रीसमुळे त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

नकली माल भरपूर आहे, पुण्यात नाना पेठेत घ्या नाहीतर ऑनलाइन. अस्सल प्लगचा वॉशर सहज निघून हातात येत नाही, षटकोनाच्या कडा साफ असतात. खात्रीची तपासणी मल्टिमीटरची: डोक्यापासून मधल्या टोकापर्यंत साधारण पाच हजार ओहम. शून्य दाखवत असेल तर आत रेझिस्टरच नाही, डबी परत करावी.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडावेत. फिकट तपकिरी टोक म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आधी एअर फिल्टर बघा. एकाच प्लगवर ओलं तेल असेल तर त्या सिलिंडरची पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलं आहे. बाहेरच्या पांढऱ्या चिनी मातीवर षटकोनालगत दिसणारा तपकिरी पट्टा मात्र गळती नव्हे; जास्त व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, आणि तेवढ्यावरून कुणी नवे प्लग विकत असेल तर घेऊ नयेत.