मस्टँगच्या २८९चं रिबोअर: डिअरबॉर्नजवळच्या एका मशीन शॉपबद्दल

डेट्रॉइटजवळ राहून जुन्या इंजिनाच्या रिबोअरसाठी, म्हणजे झिजलेले सिलिंडर खरवडून थोडे मोठे करून घ्यायला, मशीन शॉप शोधत फिरावं लागेल, असं मला इथे येण्याआधी कधी वाटलं नसतं. पण मी चौकशी केली तेव्हा कुणी फक्त रेसिंगचं काम घेत होतं, कुणी फक्त डिझेलचं, आणि एकाने तर "नवीन क्रेट इंजिन (पेटीतून तयार येणारं) घ्या ना" म्हणून फोनच ठेवला. माझी गाडी १९६६ची मस्टँग, सी कोडचं (कारखान्याची इंजिनाची खूण) २८९ घन इंचांचं व्ही-८, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, कारखान्याच्या कागदावर २०० हॉर्सपॉवर. ती ज्या डिअरबॉर्नमध्ये जोडली गेली तिथून पंधरा मिनिटांवर हे दुकान आहे. नाव लिहीत नाही, कारण मालकानेच बजावलंय: "आहे तेवढं काम उरकत नाही." ओळखीतल्या कुणाला हवं असेल तर मला विचारा.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड. आत होनिंगचं, म्हणजे सिलिंडर आतून घासून नेमक्या मापाला आणायचं, सननेन कंपनीचं मशीन, सिलिंडर खरवडायचा जुना बोअरिंग बार, हेडं (सिलिंडरांवरची झाकणं) ठेवायची लोखंडी कपाटं. पाटी नाही. मालक सत्तरीच्या पुढचे. माझ्या मामाचं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं दुकान होतं, त्यामुळे कूलंटचा तो वास ओळखीचा. बाईमाणूस ब्लॉक घेऊन आलीय म्हणून इथे कुणी भुवई उंचावली नाही, हेही नोंदवते.

यांची खासियत एकच. हा माणूस कापायच्या आधी मोजतो, आणि मोजून झालं की कापू नको हेही सांगतो. ब्लॉक आधी गरम टाकीत धुतला, मग चुंबकीय पूड टाकून भेगा तपासल्या. त्यानंतर डायल गेज सिलिंडरमध्ये सोडून वरपासून खालपर्यंत फिरवली आणि मला बाजूला उभं करून काटा दाखवला. सातव्या सिलिंडरच्या तोंडाशी काटा सरकला तो थांबेचना. रिंगा वर जिथे वळतात तिथेच झीज सगळ्यात जास्त, खाली जवळजवळ मूळचा चार इंच.

माझा एक मित्र "साठ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) काढून टाक, ताकद वाढेल" म्हणून मागे लागला होता. मालकांनी पाठीमागच्या फळ्यावर खडूने हिशोब मांडला: तीस थाऊ काढले तर २८९चं होतं २९३ घन इंच, साठ काढले तर २९७. चार घन इंचांसाठी भिंत पातळ करायची? फोर्डचं हे स्मॉल ब्लॉक मुळातच पातळ भिंतीच्या ओतकामाचं आहे, वजन कमी ठेवायला तसं केलेलं. जास्त खरवडलं की उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये तापायला लागतं. तीसवर थांबलो. मित्र अजून नाराज आहे.

आता पिस्टन. ते आधी आणून द्यायला लावले, प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजला आणि त्याच्या मापाने त्याचं सिलिंडर होन केलं. होनिंग करताना ब्लॉकवर जाड पोलादी प्लेट हेडच्या बोल्टांनी पूर्ण टॉर्कला आवळली होती. हेड आवळलं की सिलिंडर किंचित वाकडं होतं. मग त्याच ताणात गोल केलेलं सिलिंडर गाडी चालतानाही गोल राहतं. या प्लेटचे वेगळे पैसे पडतात. द्या.

हेडांच्या एक्झॉस्ट सीटा, म्हणजे धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व जिथे टेकतात त्या कडा, पार बसलेल्या होत्या. अमेरिकेत १९९६पासून रस्त्यावरच्या गाड्यांना शिशाचं पेट्रोल पूर्ण बंद झालं. पूर्वी ते शिसंच व्हॉल्व आणि सीट यांच्यामध्ये गादीचं काम करायचं. वर्षातून थोडंच चालणाऱ्या गाडीला कडक सीटा सक्तीच्या नाहीत, पण इथे नाहीतरी सीटा खलास होत्या, म्हणून एक्झॉस्टच्या आठही बदलल्या. इन्टेकला हात लावला नाही. बिलाचा आकडा वाढवायला ते सहज लावू शकले असते.

कॅमच्या (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) पाच बेअरिंगा त्यांनीच बसवल्या, पाचांची मापं वेगवेगळी असल्यामुळे ते बरंच झालं. क्रँकच्या पुढच्या टोकाचा, थरथर शोषणारा डॅम्परही तपासला: २८९ला २८ औंस असंतुलनाचा लागतो, नंतरच्या ५.० लिटरच्या इंजिनाला ५० औंसांचा. लोक सर्रास उलटे आणतात म्हणे. कोपऱ्यात ढीगच पडलाय.

आता तक्रारी. मे अखेरीचा वायदा होता, ब्लॉक हातात आला जुलै उलटताना. मिशिगनमध्ये ऐतिहासिक नंबरप्लेटची गाडी फक्त ऑगस्टमध्ये हवी तशी फिरवता येते, एरवी मेळावे आणि परेड. त्यात वुडवर्ड ड्रीम क्रूझ, जुन्या गाड्यांची इथली मोठी रपेट, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी. म्हणजे इंजिन जोडायला माझ्याकडे किती वेळ उरला ते बघा. फोन उचलत नाहीत, आन्सरिंग मशीन भरलेलं असतं. कार्ड चालत नाही, चेकच. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट: मी चिठ्ठ्या लावून पिशव्यांत दिलेले बोल्ट परत आले ते एकाच बादलीत, तेलात. २८९च्या हेडला वरच्या ओळीत लांब बोल्ट, खालच्या ओळीत आखूड. ते वेगळे करता आले. क्रँक धरून ठेवणाऱ्या मेन कॅपचे निवडताना डोळे दुखले.

मशीनिंगचे सगळे मिळून दोन हजार डॉलरच्या थोडे वर गेले, पिस्टन-रिंगा वेगळ्या. स्वस्त नाही. पण क्रँक बसवून हाताने फिरवला तेव्हा कुठेही अडला नाही, आणि पहिल्या स्टार्टनंतर वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या वर ठेवलं तरी तेलाचा दाब हलला नाही. तेल जस्त असलेलंच घाला, हे त्यांनी दोनदा बजावलं. जुन्या पद्धतीच्या कॅमला आजचं साधं तेल पुरत नाही.

जाणार असाल तर पिस्टन आधी मागवून सोबत न्या, बोल्ट घरीच ठेवा, आणि काम जानेवारीत टाका. घरी आणल्यावर सिलिंडर गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत, आणि लगेच तेल चोळा. तासाभरात गंज धरतो.