मीटरमधला गायब बल्ब

जुनी ऑटोमॅटिक गाडी बघताय? माझे 38 हजार कसे गेले ते आधी वाचा, मग टोकन द्या.

गेल्या एप्रिलात विजापूर रोडच्या एका एजंटाकडं चार गिअरची सेडान बघितली. रंग चकाचक, एसी मस्त. "चालवून बघा की मालक," म्हणत त्यानं मला सात रस्त्याच्या गर्दीतनं पाऊण तास फिरवलं. काटा चाळीसच्या वर गेला असेल तर शपथ. इंजिन जरा ओरडतंय म्हटलं, तर म्हणाला, "गार आहे अजून. गरम झाल्याशिवाय ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, लागत नाही." असं असतं खरं, म्हणून गप्प बसलो. सोलापुरात, एप्रिलात, पाऊण तास फिरलेली गाडी गार कशी, हे रात्री जेवताना सुचलं. तोवर पैसे देऊन झाले होते.

रविवारी मोहोळला निघालो. सपाट रस्ता, वेग 80, आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, 2,800! ओव्हरड्राइव्ह पडला की इंजिनाच्या एका फेऱ्यात बाहेरचा शाफ्ट एकापेक्षा जास्त फिरतो, त्यामुळं याच वेगाला काटा दोन हजारांच्या आसपास यायला हवा. गिअरच्या दांड्यावरचं बटण दाबलं. ओव्हरड्राइव्ह धड असेल तर बटणानं बंद केल्यावर आरपीएम टुणकन वर जातो, परत दाबलं की खाली येतो. माझा काटा जागचा हलला नाही. मीटरमध्ये 'ओ/डी ऑफ'चा दिवाही पेटला नाही. हा दिवा जरा उफराटा: पेटला म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद. तो दिसत नाही म्हणजे सगळं ठीक, असंच मी धरून चाललो होतो.

होटगी रोडच्या मिस्त्रीनं मीटर खोललं. बल्बची जागा रिकामी! नवा घालून आम्ही एक फेरी मारली, तर दिवा लुकलुकायला लागला. "काका, नुसता पेटला तर बटणाचं काम. असा लुकलुकला तर गिअरबॉक्स बोंबलतोय," मिस्त्री म्हणाला. त्यानं ऑइलची कांडी काढून माझ्या नाकाशी धरली. तेल काळं, वास करपलेला. सोलेनॉइड (गिअर बदलणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), क्लचप्लेटा, तेल, मजुरी मिळून ते 38 हजार झाले.

एजंटाला फोन लावला. अजिबात चिडला नाही तो. "मालक, गाडी दिली तेव्हा दिवा लागत होता का? नव्हता ना? मग?"