पोस्टडॉकच्या ऑफरच्या नावाखाली पैसे उकळतायत, प्लीज वाचा

पीएचडी संपत आलेल्या सगळ्यांनी वाचा आणि ज्युनियर्सनाही पाठवा.

मी मटेरियल सायन्समध्ये पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, शोधत होते तेव्हा एका नावाजलेल्या संस्थेतल्या प्रोफेसरच्या नावाने मेल आला. नेहमीचा डिअर कॅंडिडेट छाप मेल नव्हता, माझ्या पेपरचं नाव, त्यातला एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासतात तो) ग्राफ, आणि आमच्याकडे याच थिन फिल्म्सवर (पदार्थाच्या अतिपातळ थरांवर) प्रोजेक्ट मंजूर झालाय वगैरे सगळं व्यवस्थित. प्रोफेसर खरे, लॅब खरी, प्रोजेक्टही वेबसाइटवर सापडला. खोटा होता तो फक्त मेल पाठवणारा.

इंटरव्ह्यू चॅटवर झाला, सर बीमटाइमवर (मोठ्या यंत्रावर प्रयोगासाठी मिळालेल्या ठरावीक वेळेत) आहेत म्हणून व्हिडिओ कॉल जमणार नाही म्हणे. प्रश्न मात्र पक्के विषयातले, ग्राफमधलं पीक (टोक) रुंद का झालं, त्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने क्रिस्टलाइट साइझ, म्हणजे स्फटिककणांचा आकार, काढताना मशीनमुळे आलेलं ब्रॉडनिंग (रुंदी) वजा केलं का. असं कुणी विचारलं की समोर संशोधकच बसलाय असंच वाटतं, आणि नेमका याचाच हे लोक फायदा घेतात. मग लोगो, सही, शिक्क्यासकट ऑफर लेटर, मग पासपोर्ट आणि डिग्रीचे स्कॅन मागितले, मग व्हिसा प्रोसेसिंग आणि इन्शुरन्सचे पैसे, जॉइन झाल्यावर परत मिळतील म्हणाले. ते भरले तर लगेच घराच्या डिपॉझिटची मागणी. तेव्हा संस्थेच्या वेबसाइटवरून एचआरचा नंबर काढून फोन लावला, तिथल्या बाई म्हणाल्या अशी पोस्टच निघालेली नाही.

मेल ॲड्रेस मोठा करून बघितला तर डोमेनमध्ये इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी. छोट्या अक्षरात फरक कळतच नाही हो!

आणि एक गोष्ट, माझ्या गाइडना रेफरन्ससाठी कुणाचाच मेल आला नव्हता. पोस्टडॉकला घेताना साधारणपणे रेफरन्स मागतात, बऱ्याच ठिकाणी सेमिनार द्यायला लावतात, ग्रुपमधल्या लोकांशी बोलणं होतं. यातलं काहीच न होता लेटर आलं तर मेलला रिप्लाय करत बसू नका, संस्थेच्या साइटवरून नंबर शोधून थेट विचारा. फी मागितली तर तिथेच थांबा. सर्नसारखी युरोपातली मोठी भौतिकशास्त्र संशोधन संस्थासुद्धा भरतीत उमेदवाराकडून पैसे घेत नाही, आणि मधे एजन्सी असली तरी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात मूळ नियमच आहे की एजन्सीने कामगाराकडून फी घ्यायची नाही.

पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी बँकेला कळवा, सायबर पोलिसांत तक्रार करा, मेल डिलीट करू नका कारण हेडर (मेल कुठून आला याची त्यातली तांत्रिक माहिती) लागतात. पासपोर्टचा स्कॅन दिला असेल तर तेही तक्रारीत लिहा. आणि नंतर तुमचे पैसे परत मिळवून देतो म्हणून कुणी मेसेज करेल, थोडी फी मागेल, मला आला होता, तोसुद्धा फ्रॉडच असतो.